ऑल इंग्लंड: पाच ग्रॅमचे फूल आणि हॉलची हवा

मार्चमध्ये बर्मिंगहॅमला होणारी ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनमधली सर्वांत जुनी मोठी स्पर्धा. टीव्हीवर ती पाहताना काही गोष्टींचा उलगडा होत नाही. नाणेफेक जिंकलेला खेळाडू सर्व्हिस सोडून बाजू का मागतो? चांगले दिसणारे फूल, म्हणजे शटलकॉक, दोन-चार रॅलींनंतर का बदलून घेतात? पहिल्या गेममध्ये फूल सारखे मागच्या रेषेबाहेर घालवणारा खेळाडू दुसऱ्या गेममध्ये एवढा अचूक कसा होतो? उत्तर बहुतेक वेळा खेळाडूच्या मनगटात नसते, त्या हॉलच्या हवेत असते. म्हणून ही स्पर्धा समजून घ्यायची तर विजेत्यांच्या यादीपेक्षा हॉलकडे आधी पाहावे.

उघड्या मैदानातून हॉलमध्ये

हा खेळ आधी उघड्यावर खेळला जात होता. पुण्यातल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना त्याची गोडी लागली, खेळाला ‘पूना’ हेच नाव पडले आणि १८७३ मध्ये पुण्यातच त्याचे नियम लिहिले गेले. वारा सुटला की पिसांचे फूल भरकटायचे, मग लोकरीच्या चेंडूने खेळायचे. आपल्याकडे गोव्यात वाड्यावर माडांच्या सावलीत जाळे बांधून खेळणाऱ्या मुलांना ही अडचण वेगळी सांगायला नको. दुपारी खारे वारे सुरू झाले की पिसांचे फूल खिशात जाते आणि प्लास्टिकचे बाहेर येते.

इंग्लंडमध्ये परतलेल्या अधिकाऱ्यांनी खेळ सोबत नेला. ग्लॉस्टरशायरमधल्या ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या ‘बॅडमिंटन हाउस’वरून त्याला आजचे नाव मिळाले. थंडी-पावसाच्या त्या देशात तो लवकरच छताखाली गेला आणि १८९३ मध्ये क्लबांनी मिळून बॅडमिंटन असोसिएशन स्थापन केली. पहिली ऑल इंग्लंड ४ एप्रिल १८९९ रोजी लंडनमध्ये झाली, तीही लष्कराच्या कवायतीच्या हॉलमध्ये. त्या वर्षी फक्त दुहेरीचे तीन प्रकार होते. एकेरी पुढच्या वर्षी आली आणि पुरुषांत सिडनी स्मिथ, महिलांत एथेल थॉमसन हे पहिले विजेते ठरले. कोर्टही तेव्हा आजच्यासारखे आयताकृती नव्हते. जाळ्यापाशी ते अरुंद आणि मागे रुंद असे. १९०१ मध्ये तो आकार गेला.

पुढे स्पर्धा हॉल बदलत राहिली. १९१० पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती वेस्टमिन्स्टरच्या रॉयल हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये होती, म्हणजे फुलझाडांची प्रदर्शने भरत त्या जागेत. दोन्ही महायुद्धांत खंड पडला. १९४७ मध्ये ती हॅरिंगेला पुन्हा सुरू झाली, मग एम्प्रेस हॉलला गेली, १९५७ ते १९९३ वेम्बलीला राहिली आणि १९९४ पासून बर्मिंगहॅमच्या अरीनामध्ये आहे. त्या अरीनाचे नाव प्रायोजकांप्रमाणे बदलत गेले, जागा तीच आहे. या स्थलांतरात महत्त्वाचे घडले ते असे: छत उंच होत गेले, प्रेक्षक हजारोंनी वाढले आणि त्यांच्यासाठी हवा खेळती ठेवणारी यंत्रे आली. वारा टाळायला घरात आणलेला खेळ यंत्राच्या वाऱ्यात सापडला.

१९७७ पर्यंत बॅडमिंटनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाच नव्हती. तोवर ऑल इंग्लंड जिंकणारा तोच जगज्जेता, असे सगळे धरून चालत. इंडोनेशियाच्या रूडी हार्टोनोने १९६८ ते १९७४ सलग सात आणि १९७६ मध्ये आठवे विजेतेपद मिळवले, ते या काळात. महिला एकेरीत ज्युडी हॅशमनच्या नावावर दहा विजेतेपदे आहेत. तिचे वडील फ्रँक डेव्हलिन हेही अनेक वेळचे विजेते. सर जॉर्ज थॉमस यांनी एकेरी आणि दुहेरी मिळून २१ किताब घेतले. पुरुषांच्या सांघिक स्पर्धेचा थॉमस चषक त्यांच्याच नावाचा, तोच चषक भारताने २०२२ मध्ये पहिल्यांदा जिंकला. आशियाई खेळाडूने पहिल्यांदा पुरुष एकेरी जिंकली ती १९५० मध्ये, मलायाच्या वाँग पेंग सूनने.

फुलाचे गणित

नियमाप्रमाणे फुलाला १६ पिसे असतात, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, पिसांची लांबी ६२ ते ७० मिलिमीटर आणि सगळ्यांची सारखी. बुडाला बुचाचा गोल, वर पातळ कातडे. पिसे एकमेकांवर एकाच दिशेने चढलेली असल्याने फूल उडताना स्वतःभोवती फिरते. फटका बसला की बुचाकडची बाजू पुढे येते आणि पिसांचा घेर हवा अडवतो. त्यामुळे फूल रॅकेटवरून प्रचंड वेगाने सुटते आणि लगेच मंदावते. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग एप्रिल २०२३ मध्ये जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला, तो रॅकेट सोडतानाचा. समोरच्याकडे पोहोचेपर्यंत त्यातला फार थोडा उरतो. हवेवर इतके अवलंबून असलेले फूल हवा जरा बदलली तरी वेगळे वागणारच.

हवा तापली की विरळ होते, अडथळा कमी होतो, फूल लांब जाते. थंड हवेत ते आखूड पडते. म्हणून फुलांच्या नळकांड्यावर वेगाचा आकडा छापलेला असतो, साधारण ७५ ते ७९. आकडा लहान तर फूल संथ, गरम हवेसाठी. आकडा मोठा तर जलद, थंड हवेसाठी. एका आकड्याने पल्ल्यात अंदाजे ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. गोव्यात समुद्रसपाटीवर बहुतेक वर्षभर ७६ बरोबर बसते. मे महिन्यात दुपारी हॉल तापला असेल तर ७५ घ्यावे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे खेळणाऱ्यांना ७७ सुद्धा चालते. ऑनलाइन स्वस्त मिळाले म्हणून ७८ किंवा ७९ चे डझन मागवले की प्रत्येक टॉस, म्हणजे मागच्या रेषेकडे उंच मारलेला फटका, बाहेर जाणार, आणि दोष फटक्यावर येणार.

फूल योग्य आहे की नाही हे तपासायची रीत नियमातच दिली आहे, आणि ऑल इंग्लंडसाठी असलेली रीत म्हापशातल्या किंवा फोंड्यातल्या हॉलमध्येही तशीच चालते. मागच्या रेषेवर उभे राहून फूल त्या रेषेच्या वर असताना खालून पूर्ण ताकदीचा, वर जाणारा फटका मारायचा. दिशा बाजूच्या रेषेला समांतर. फूल समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३ ते ९९ सेंटिमीटर या पट्ट्यात पडले तर वेग बरोबर. टेप काढायची गरज नाही. दुहेरीच्या सर्व्हिसची लांबची रेषा मागच्या रेषेपासून ७६ सेंटिमीटरवर असते, म्हणजे हा पट्टा तिच्या दोन्ही बाजूंना २३-२३ सेंटिमीटर. त्या रेषेच्या आसपास वीतभर अंतरात फूल पडले की निश्चिंत खेळावे. फक्त एक करा: दोन्ही टोकांकडून मारून पाहा. एका बाजूने फूल पट्ट्यात पडते आणि दुसऱ्या बाजूने त्यापलीकडे जाते, असे झाले तर फूल ठीक आहे, हवा वाहते आहे.

पिसांचे शत्रू दोन, कोरडेपणा आणि तिरका फटका. कोरडे पीस ठिसूळ होते आणि पहिल्याच कट ड्रॉपला काडी मोडते. हिवाळ्यात गरम केलेल्या युरोपातल्या हॉलमध्ये हवा फार कोरडी असते, तिथे पिसांना खेळण्याआधी वाफ देण्याची पद्धत आहे. गोव्यात जून ते सप्टेंबर त्याची काडीचीही गरज नाही. उलट नळकांडे उघडे राहिले तर पिसे लुळी पडतात. पण एसी हॉलमध्ये डिसेंबरात खेळत असाल तर नळकांड्याच्या पिसांकडच्या तोंडाला काही सेकंद वाफ द्यावी आणि झाकण लावून रात्रभर ठेवावे. बुचाला वाफ लागू देऊ नये. स्कूटरच्या डिकीत नळकांडे उन्हात ठेवले की पिसे सुकतात आणि डिंकही सुटतो. फुले अर्ध्या गेममध्ये तुटण्याचे कारण बऱ्याचदा तेच निघते.

फूल लांब जात असेल तर पिसांची टोके बाहेर वाकवून ते संथ करण्याची सवय आपल्या हॉलमध्ये सर्रास आहे. सरावात काही बिघडत नाही, सामन्यात मात्र फुलाचा वेग बदलण्यासाठी त्याला इजा करणे हे गैरवर्तन धरले जाते. तिथे खेळाडू फूल पंचांना दाखवतो आणि बदलायचे की नाही हे पंच ठरवतात. दमलेला खेळाडू श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणूनही फूल दाखवतो, हे पंचांना ठाऊक असते. म्हणून काही वेळा ते मान हलवून खेळा म्हणतात.

ड्रिफ्ट आणि बाजू बदलण्याचे डावपेच

मोठ्या हॉलमध्ये गार हवा एका बाजूने आत येते आणि दुसरीकडून ओढली जाते. भरलेल्या गॅलरीतल्या माणसांच्या उष्णतेने हवा वर चढते, दार उघडले की झोत येतो. या सगळ्याने फूल ढकलले जाते, त्याला खेळाडू ड्रिफ्ट म्हणतात. ड्रिफ्ट आडवाही असतो, त्यामुळे बाजूच्या रेषेवर सोडलेले फूल बाहेर सरकते. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये असलेला ड्रिफ्ट संध्याकाळी तसाच राहील याची खात्री नाही. सरावाच्या पहिल्या मिनिटांत खेळाडू एकामागून एक उंच टॉस मारतात ते हात मोकळे करायला असतात हे खरेच, पण नजर फूल कुठे पडते त्यावर असते.

ड्रिफ्ट पाठीमागून असेल तर फूल बाहेर जायची भीती, म्हणून टॉस आखूड मारावे लागतात आणि समोरच्याला स्मॅशची संधी मिळते. ड्रिफ्ट समोरून असेल तर पूर्ण ताकदीने मारले तरी फूल आत राहते. बचाव करणाऱ्याला ही बाजू सुखाची, पण स्मॅशचा जोर मंदावतो आणि मागे रेटायला दम लागतो. बहुतेकांना दुसरी बाजू, म्हणजे ताबा असलेली, बरी वाटते.

आता नियम बघा. पहिल्या गेमनंतर बाजू बदलते, दुसऱ्यानंतर बदलते, आणि तिसऱ्या गेममध्ये कोणाचेही ११ गुण झाले की पुन्हा बदलते. समजा अवघड बाजूने सुरुवात केली. दुसरा गेम चांगल्या बाजूने मिळतो. तिसरा पुन्हा अवघड बाजूने सुरू होतो, पण ११ नंतर चांगली बाजू येते आणि सामना तिथेच संपतो. म्हणून कसलेला खेळाडू नाणेफेक जिंकला की मुद्दाम वाईट बाजू मागतो. पहिला गेम गेला तरी दुसऱ्या गेमच्या आणि सामन्याच्या शेवटच्या गुणांना हवा आपल्या बाजूने असावी, हा हिशेब. उलट, तीन गेम खेळायची ताकद नाही असे वाटणारा चांगली बाजू आधी घेतो आणि पहिला गेम मारून दडपण टाकायला बघतो. माझ्या मते पहिला मार्ग शहाणपणाचा, पण त्याला फिटनेस हवा.

तिसऱ्या गेममध्ये ११ ला ६० सेकंदांची विश्रांती असते. त्या मिनिटात कोच जे बोलतो त्यातले बरेचसे “टॉस आता लांब मार” किंवा “बाजूला जास्त नको सोडूस” असेच असते. बाजू बदलल्यावर पहिल्या चार गुणांत फूल बाहेर घालवणारा खेळाडू दिसला तर समजावे, हाताने अजून जुनीच हवा धरली आहे.

आपल्या हॉलमध्ये हाच प्रकार छोट्या प्रमाणात असतो. पंखे बंद ठेवले तरी जिन्याकडचे दार, वरची उघडी झडप, पावसाळ्यात पत्र्याखालून येणारा वारा फूल ढकलतो. सामन्याआधी दोन्ही टोकांकडून पाच-पाच टॉस मारून दार कुठले बंद करायचे ते ठरवावे. पावसात दारे बंद केली की मात्र लाकडी फळ्यांवर किंवा मॅटवर दव धरते आणि पाय घसरतो. तेव्हा फूल सरळ जावे म्हणून गुडघा धोक्यात घालू नये, एक दार उघडावे आणि दर गेमनंतर फरशी कोरडी करून घ्यावी.

उजेड आणि भिंती

मोठ्या स्पर्धेत कोर्टावर छत १२ मीटरपर्यंत उंच लागते आणि कोर्टाच्या मागची भिंत गडद ठेवतात, कारण पांढऱ्या फुलामागे पांढरी भिंत आली की ते दिसत नाही. दिवे खेळाडूच्या डोक्यावर न ठेवता बाजूंना घेतात. प्रेक्षक अंधारात आणि कोर्ट उजळलेले, ही ऑल इंग्लंडची ओळख झाली आहे. देखावा म्हणून ती छान आहेच, पण उंच फूल पाहण्यासाठीही तिचा उपयोग होतो. ज्या हॉलमध्ये दिवा बरोबर सर्व्हिसच्या रेषेवर टांगला आहे, तिथे उंच सर्व्हिस घेणाऱ्याचे डोळे दिपतात. तो दोष त्याच्या फटक्याचा नाही.

२०१८ मध्ये सर्व्हिसचा नियमही बदलला. फटका लागताना फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असले पाहिजे. जाळे मध्यभागी १.५२४ मीटर उंच असते. म्हणजे फूल किमान ३७ सेंटिमीटर वर चढवून पुन्हा जाळ्यालगत खाली उतरवायचे आहे. दुहेरीत सर्व्हिस जरा वर राहिली की समोरचा झेप घेतो. सर्व्हिस जज खुर्चीत बसून डोळ्यांच्या पातळीवरच्या उपकरणातून उंची बघतो, त्याचे कारण हे.

भारतीयांचा वाटा

१९४७ मध्ये, युद्धानंतरच्या पहिल्याच स्पर्धेत, लाहोरचे प्रकाश नाथ अंतिम फेरीत पोहोचले आणि स्वीडनच्या कॉनी जेप्सेनकडून हरले. १९८० मध्ये प्रकाश पदुकोण यांनी अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला १५-३, १५-१० असे हरवले. किंग उडी मारून स्मॅश मारणारा, प्रकाश फुलावर ताबा ठेवून वेग मोडणारे. त्यांनी बंगळूरमध्ये सराव केला तो कॅनरा युनियनच्या हॉलमध्ये, जिथे लग्ने लागत. तिथून वेम्बलीपर्यंतचा प्रवास पाहिला की आपल्या छोट्या हॉलला नाके मुरडू नयेत असे वाटते.

२००१ मध्ये पुल्लेला गोपीचंद यांनी उपांत्य फेरीत डेन्मार्कच्या पीटर गेडला आणि अंतिम फेरीत चीनच्या चेन होंगला १५-१२, १५-६ असे हरवले. तेव्हा सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत. २००६ पासून २१ गुणांची पद्धत आली, त्यात प्रत्येक रॅलीला गुण मिळतो. आधी सर्व्हिस हातची गेली तरी आकडा तसाच राही आणि सामना लांबत जाई. आता एक चूक म्हणजे एक गुण, त्यामुळे ड्रिफ्ट समजायला घेतलेली चार मिनिटे महागात पडतात. २०१५ मध्ये सायना नेहवाल आणि २०२२ मध्ये लक्ष्य सेन अंतिम फेरीत पोहोचले. दोघांचाही पराभव झाला, सायनाचा कॅरोलिना मरिनकडून, लक्ष्यचा व्हिक्टर ॲक्सलसनकडून. गोव्याची तनिषा क्रास्टो महिला दुहेरीत अश्विनी पोनप्पाबरोबर पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत पोहोचली. तिच्यामुळे इथल्या मुलांना या पातळीचे बॅडमिंटन आता फार दूरचे वाटत नाही.

काय पाहावे, कधी पाहावे

प्रत्येक प्रकारात ३२ जण किंवा जोड्या, पाच फेऱ्या, रविवारी अंतिम सामने. सुरुवातीच्या दिवसांत एकाच वेळी अनेक कोर्टांवर सामने चालतात आणि गॅलरीतून टाळ्या भलत्याच कोर्टासाठी पडतात. बाद फेऱ्या पुढे सरकतात तशी कोर्टे कमी होतात. इंडोनेशिया, मलेशिया, चीन, डेन्मार्क, भारत अशा अनेक देशांचे लोक प्रेक्षकांत असतात, आणि रॅली सुरू असताना मोठे हॉलसुद्धा क्षणभर गप्प होते.

मार्चच्या त्या आठवड्यात इंग्लंडमध्ये घड्याळ अजून पुढे केलेले नसते, त्यामुळे आपले घड्याळ साडेपाच तास पुढे असते. तिथे सकाळी दहाला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुपारी साडेतीनला दिसतो, दुपारी बाराचा सामना संध्याकाळी साडेपाचला. पहिल्या फेरीचे शेवटचे सामने मध्यरात्रीच्या पुढे जातात. जागणे शक्य नसेल तर निदान नाणेफेकीपासून पहिल्या गेमच्या पाच गुणांपर्यंत पाहा. कोण कुठल्या बाजूने उभा राहिला, टॉस रेषेच्या किती अलीकडे पडतो आहे, फूल बाजूला सरकते का, एवढे वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या गेममध्ये ११ नंतर पुन्हा डोकावून बघा.